मासे कुणासाठी सोडले

"हिनं माझ्यासाठी मासे सोडले," हे वाक्य मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात इतक्या जणांना ऐकवलं होतं की ते माझ्या ओळखीचाच एक भाग होऊन बसलं होतं. मी तिथं काँक्रीटला भेगा का पडतात यावर पीएचडी करत होतो, पण त्याबद्दल कुणी कधी विचारत नसे. गावातली चार-पाच मराठी घरं आणि आमच्यासारखे विद्यार्थी महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये जमायचे. प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा. मग एखाद्या काकू माझ्या बायकोला विचारायच्या, "तू वेंगुर्ल्याची ना गं? मग इथं माशांचं कसं करतेस?" ती नुसती हसायची आणि उत्तर मी द्यायचो. काकू "अय्या!" म्हणायच्या, काका आपल्या बायकोकडे तिरका कटाक्ष टाकायचे, आणि मी खुशीत कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

यात इतकं मिरवण्यासारखं काय होतं, ते सांगतो. मी घरातला मधला. थोरल्या भावाच्या आजारपणात आईनं शाळेतली नोकरी सोडली होती. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी वडिलांनी बढती सोडली होती. माझ्यासाठी कुणी काही सोडल्याचं मला आठवत नाही. मला भावाचे उतरलेले शर्ट मिळाले आणि बहिणीनं नको म्हटलेलं दूध. नाही म्हणायला, माझं लग्न ठरलं त्या सुमारास आईनं तपकीर सोडली. तरुणपणापासून ओढायची ती. मी कॉलेजात गेल्यापासून तिच्या डबीच्या मागे लागलो होतो, तेव्हा हे माझ्याच कटकटीचं फळ, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे हिशेबात माझ्या बाजूला दोन गोष्टी होत्या: आईची तपकीर आणि बायकोचे मासे. तेवढ्यावर मी सुखात होतो.

त्या सुखाला तडा गेला तो न्यूयॉर्कमध्ये. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट आहे. माझा हॉस्टेलमधला रूममेट तिथं चांगल्या नोकरीत होता. मालवणचा, बिनलग्नाचा, आणि दिसायला माझ्यापेक्षा बरा, असं इतर लोक म्हणायचे. चायनाटाऊनला खेटून असलेल्या एका जुनाट इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याची एक मोठी खोली होती. "वीकएंडला या यार, वहिनींना अजून भेटलोच नाही," असं तो फोनवर सारखा म्हणायचा. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी आम्ही आमची जुनी हिरवी गाडी काढली आणि निघालो.

लिफ्ट नव्हती. मी दोन्ही बॅगा घेऊन चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा तो दारात उभा होता, आणि बायकोनं नीट नमस्कार करायच्या आत त्यानं विचारलं, "वेंगुर्ल्याक खंय?"

तिनं वाडीचं नाव सांगितलं.

"अरे वा! आमची मावशी थंयच दिलेली. आणि तुमी ह्या पुणेकराक कसा काय पसंत केलात?"

यावर ती खळखळून हसली आणि मालवणीत काहीतरी म्हणाली. इतकं भरभर की मला कळलं नाही. तोही हसला. आमच्या घरात ती माझ्यासारखंच बोलायची, माझ्या आईनं सुद्धा नाव ठेवू नये इतकं शुद्ध. ती मुळात अशी बोलत नाही, हे मी विसरूनच गेलो होतो. तिचा आवाज सुद्धा वेगळा निघाला, मोठा आणि हेल काढणारा. दोघं बोलत बोलत आत गेली. मी बॅगा घेऊन बाहेरच. आत येऊ का, असं विचारायची पाळी माझ्यावर आली.

शनिवारचा माझा बेत पक्का होता. नकाशावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या: आधी बोटीनं स्वातंत्र्यदेवी, मग संग्रहालय, मग उंच इमारतीवरून शहर बघणं. चहा पिता पिता मी नकाशा उलगडला.

"लिबर्टी कुठं पळून जातेय?" मित्र म्हणाला. "आधी वहिनींना बाजार दाखवतो. खाली उतरलं की बाजार."

मी बायकोकडे पाहिलं. ती बूट घालत होती.

खाली उतरलो आणि खरंच दुसऱ्याच देशात आल्यासारखं झालं. स्टेट कॉलेजमध्ये रस्त्यावर माणूस दिसला तर आपण हात करतो. इथं चालायला फूटपाथ उरला नव्हता, कारण दुकानं फूटपाथवर आली होती. भाज्यांची खोकी एकावर एक, त्यांत आल्याचे ढीग, हातभर लांब चवळीच्या शेंगा, कारली. काचेमागे तांबूस भाजलेली बदकं माना टाकून टांगलेली. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन कोपरानं वाट काढत चाललेल्या. कोणी कोणाला सॉरी म्हणत नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एका खोक्यात मुळांसकट ताजी कोथिंबीर दिसली. आमच्या गावात कोथिंबीर म्हणजे बाटलीतली वाळकी पूड. मी दोन जुड्या उचलल्या आणि ओरडलो, "अगं, कोथिंबीर बघ!"

मागे ती नव्हती. ती पुढे गेली होती, मित्राबरोबर, आणि कोपऱ्यावरच्या मासळीच्या दुकानापुढे उभी होती.

ते दुकान म्हणजे फूटपाथवरच उतरती फळी, तिच्यावर बर्फाचा चुरा, आणि बर्फावर मासे ओळीनं मांडलेले. खाली बादल्यांत काहीतरी वळवळत होतं, तिकडे मी बघितलं नाही. मी दहा पावलं अलीकडेच रुमाल काढून नाकाला लावला आणि तिथूनच बघत राहिलो. बायको वाकली होती. तिनं एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा उचलला, अंगठ्यानं त्याचा कल्ला वर करून आत बघितलं, बोटानं पाठ दाबली, आणि नापसंतीनं परत ठेवला. मग दुसरा. रबरी बूट घातलेली चिनी मासेवाली आधी तिच्यावर खेकसली. मग तिचं ते कल्ला उचलणं बघून गप्प झाली, फळीखालून एक वेगळं खोकं ओढलं आणि त्यातला मासा पुढे केला. बायकोनं तो बघितला आणि मान डोलावली. मासेवालीनंही मान डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं काहीही अडत नव्हतं.

"बांगडोच, पण जरासो गोऱ्यांचो," मित्र म्हणाला.

"आणि ह्यां बगा," बायको म्हणाली, "ह्यां पापलेटाचा चुलत भावंड दिसता."

तिचे गाल लाल झाले होते. केसांची बट तोंडावर आली होती आणि हात ओले असल्यामुळे ती मनगटानं मागे सारत होती. लग्नानंतर मी तिला साडी आणली होती, मोगऱ्याचे गजरे आणले होते, नायगारा दाखवला होता. नायगाऱ्यापुढे उभी राहून ती म्हणाली होती, "छान आहे." मेलेल्या बांगड्यापुढे तिचा असा चेहरा झालेला बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी मी त्या मासेवालीवर जळलो. मग त्या बांगड्यावर. आणि मग मित्रानं खिशातून रुमाल काढून तिला हात पुसायला दिला, तेव्हा माझ्या जळण्याला योग्य माणूस सापडला.

दुपारी तो आम्हाला एका प्रचंड चहागृहात घेऊन गेला. बायका गाड्या ढकलत टेबलांमधून फिरत होत्या, गाड्यांवर वेताच्या गोल डब्यांतून वाफवलेले पदार्थ. त्यानं कोलंबीचं मोदकासारखं दिसणारं काहीतरी घेतलं. माझ्यासाठी भाजीचं काय मिळेल ते शोधलं. बायकोपुढे त्यानं कोलंबीचा डबा सरकवला, तिनं तो हळूच परत सरकवला आणि माझ्याच ताटलीतला भाजीचा घास उचलला. माझा जीव भांड्यात पडला. मासे बघावेत, हाताळावेत, हरकत नाही. तोंडात जात नव्हते, म्हणजे अजून राज्य माझं होतं.

"वहिनी, तुमी मासे खरंच सोडलात? कित्याक?" मित्रानं विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

 चहाची किटली रिकामी झाली होती. झाकण उलटं करून ठेवलं की भरून मिळते हे मित्रानं तिला शिकवलं होतं, तेवढं तिनं केलं आणि रस्त्याकडे बघत बसली. मित्रानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्या भुवयांत कौतुक नव्हतं. तो सरळ सरळ हेवाच, असं मी धरलं, आणि मनातल्या मनात खूश झालो.

संध्याकाळी मात्र माझी खुशी उतरली. घेतलेले बांगडे मित्राला स्वतःसाठी करायचे होते आणि बायको म्हणाली, मी सांगते, तुम्ही करा. त्याच्या आईनं गावाहून पाठवलेली कोकमं होती, तिरफळं होती. खोली एकच, त्यामुळे चूल, पलंग, मी आणि बांगडे असे सगळे एकत्रच होतो. मी खिडकी उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून उभा राहिलो. खाली रस्ता गजबजलेला, पाट्यांचे लाल-हिरवे दिवे लागत होते. मागून आवाज येत होते.

"तिरफळां ठेचू नका, नुसती चेपा."

"अशी?"

"हां. मीठ बघा आता."

"जरासा कमी असा."

"मग घाला. आणि आता?"

ती सांगत होती, तो चाखत होता. ती स्वतः चाखत नव्हती ना, म्हणून चव त्यानं बघायची आणि तिनं त्यावर विश्वास ठेवायचा. बायको माझी, जीभ त्याची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि "आवशीची आठवण इली" म्हटलं, तेव्हा ती त्याच्याकडे अशी बघत होती की कॉलरा-देवीची लस टोचून घेतानाही झाली नव्हती अशी माझी आग झाली. मग ती माझ्याजवळ आली आणि आम्ही दोघांनी दहीभात खाल्ला. मी खिडकीतच, ती खिडकीशी स्टुलावर. तिनं माझ्या ताटलीला हात लावण्याआधी साबणानं हात धुतले, लिंबू चोळलं, पुन्हा धुतले.

रविवारी सकाळी मला एक कल्पना सुचली आणि मी एकदम उठून बसलो. मासे हिनं सोडले माझ्यासाठी. म्हणजे ते परत द्यायचा हक्क कुणाचा? माझाच. आपण स्वतः जायचं, मासे आणायचे, तिच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचं, खा, मी परवानगी देतो. रुमाल देणारे बघत राहतील. मी "जरा पेपर घेऊन येतो" म्हणून खाली उतरलो.

मी जन्मात मासा विकत घेतला नव्हता. पण मी इंजिनिअर होतो आणि आदल्या दिवशी सगळं दहा पावलांवरून बघितलं होतं. त्याच दुकानाशी गेलो, श्वास रोखला, पापलेटाच्या चुलत भावंडांतली दोन बोटानं दाखवली. कल्ला उचलायला माझा हात काही गेला नाही. ते मासे डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते, आणि या डोळ्यांसकट चार मजले चढणं मला जमणार नव्हतं. मी मासेवालीला मानेवर हात फिरवून खूण केली, डोकं कापा. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मीही ठामपणे पुन्हा मानेवर हात फिरवला. तिनं डोकी कापली आणि वेगळ्या पिशवीत घालून ती पिशवीही पुढे केली. मी दोन्ही हातांनी नको नको केलं. शेपटीही नको, ती पण डोळ्यांपुढे येते. काटा काढून मिळेल का, तेही खुणेनं विचारलं, आणि मिळाला. नकोशी झालेली डोक्यांची पिशवी माझ्या मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीला मिळाली. तिनं ती छातीशी धरली आणि मला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, ही माणसं किती नम्र.

घरी आलो. दोघं चहा पीत होती. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि बायकोला म्हणालो, "तुझ्यासाठी."

तिनं पिशवी उघडली. आत पांढरे, गुळगुळीत, चौकोनी तुकडे. तिनं एक तुकडा उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे?"

"पापलेट."

"डोकी?"

"काढून टाकायला सांगितली. काटे पण. एकदम स्वच्छ करून आणलंय."

 मग मित्रानं कप खाली ठेवला आणि हसायला सुरुवात केली. तो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अरे, डोक्यातच तर सगळा असता! कालवण कसलां करतलंस, साबणाचा?" बायको ओठ दाबून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. मग तिलाही आवरेना. दोघं हसत होती आणि मी कोटसुद्धा न काढता उभा होतो.

"हसा," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढलाच. "हसा, पण ऐक. आजपासून तू मासे खा. माझी परवानगी आहे. माझ्यासाठी सोडलेस, मीच सांगतो, खा."

तिचं हसू थांबलं. "तुझी परवानगी?"

"हो."

"तुझी कशाला? तुझ्यासाठी कुठं सोडलेत मी?"

मित्रानं हळूच कप उचलले आणि नळ सोडून धुवायला लागला. दोनच कप होते, पण तो धूतच राहिला.

"मग कुणासाठी?"

"आईंसाठी," ती म्हणाली.

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी कोट घालूनच ऐकलं. लग्न ठरल्यावर आईनं तिला एकटीला तुळशीबागेत नेलं होतं, भांडी घ्यायला. परतताना पुलावर उभं राहून आई म्हणाली होती, "मला माशांचा वास सहन होत नाही गं. तुला सोड म्हणायचा मला हक्क नाही, पण मागते. तू एकटीनंच सोडलंस असं नको. मीही एक सोडते." आणि आईनं कनवटीची तपकिरीची डबी काढली आणि पुलावरून नदीत टाकली.

"डबी?" मी म्हणालो. "ती तपकीर माझ्यासाठी सोडली होती!"

"तुझ्यासाठी?" बायकोनं विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

म्हणजे दोन्ही गेलं. हिशेबात माझ्या बाजूला दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोघींनी त्या माझ्या पाठीमागे, नदीवर उभं राहून, एकमेकींना देऊन टाकल्या होत्या. मला सांगितलंही नव्हतं. मित्रावर जळत होतो ते आता पोरखेळ वाटायला लागलं. मी माझ्या आईवर जळत होतो, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या चौकोनी तुकड्यांचं तिनं मित्राला कालवण करून दिलं. त्यानं ते निमूट खाल्लं. तिनं खाल्लं नाही. दुपारी आम्ही निघालो तेव्हा तो खाली गाडीपर्यंत आला आणि मागच्या सीटवर बर्फाची पेटी ठेवली. "वहिनी, दोन पापलेटां असत. डोक्यासकट." माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारला. शहाण्याला माहीत होतं काय आणायचं ते.

पुलावरून न्यूजर्सीत शिरलो, शहर मागे पडलं, डोंगर सुरू झाले, झाडं पिवळी-तांबडी झालेली.  शेवटी न राहवून मी म्हणालो, "आईसाठी सोडलेस. आणि मला तीन वर्षं सगळ्यांपुढे मिरवू दिलंस."

"तू मिरवत होतास. मी कधी म्हटलं?"

"आईनं म्हटलं म्हणून सोडलेस. मी म्हटलं असतं तर?"

"आईंनी मागितलं. तू काय केलंस? लग्नाआधी हॉटेलात समोर बसून सांगितलंस, आमच्याकडे हे चालत नाही. जसं काही मी भाड्यानं खोली बघायला आले होते."

 मी गाडी जरा जोरात हाणली.

"आणि दुसरं पण सांगते," ती पुढे रस्त्याकडे बघत म्हणाली. "आपण अमेरिकेला निघालो त्या दुपारी मी बॅग भरत होते. आई आत आल्या, दार लोटलं, आणि पदराखालून नवी डबी काढून दाखवली. म्हणाल्या, मला नाही गं जमलं. आता तूही मोकळी. तिकडे मी काही वास घ्यायला येत नाही."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. "म्हणजे इथं आल्यापासून तू मोकळी आहेस?"

"हो."

"मग खाल्ले का नाहीस? आपल्या गावात मासे मिळत नाहीत असं नाही. सुपरमार्केटात असतात."

"एकटीनं खाऊ?" आता तिचा आवाज चढला. "आमच्याकडे मासे कुणी एकटं बसून खातं का? समोर माणूस लागतं. काटा लागला तर भात गीळ म्हणणारं, डोकं कुणी घ्यायचं यावर भांडणारं. तू काय करतोस? नाक दाबतोस आणि खिडकीत जाऊन उभा राहतोस. काल तर अर्धा बाहेर लोंबत होतास. तुझ्या पाठीकडे बघत खाऊ मी?"

बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाबरोबर आमची गाडी हलत होती. माझं एकच राहिलं होतं. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"काल तो होता की समोर. तो तर मालवणचा. त्याच्यासमोर का नाही खाल्लेस?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की काँक्रीट आणि माझं डोकं यांत तिला काही फरक दिसत नसावा.

"त्याच्यासमोर कशाला खाऊ? लग्न त्याच्याशी केलंय का?"

मी गाडी सुरू केली. पुढचा सगळा रस्ता आम्ही कोथिंबीर देठासकट चिरायची की पानं निवडायची यासारख्या फालतू गोष्टी बोललो. पण मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होतो, आणि ते तिला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं पापलेटं धुतली, हळद-मीठ-तिखट लावलं, रव्यात घोळवली आणि तव्यावर सोडली. माझे पाय आपोआप खिडकीकडे वळले. मी ते परत फिरवले आणि स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी तिच्यासमोर जाऊन बसलो. पुढ्यात वरणभात घेतला. रुमाल खिशातच ठेवला. वास कसा होता ते विचारू नका. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं. तव्यावरचं पापलेट डोक्यासकट तिच्या ताटात आलं आणि माझ्याकडे बघू लागलं. मीही बघितलं.

तिनं जेवायला सुरुवात केली. पहिल्या घासानंतर ती थांबली, मग खाऊ लागली, दोन्ही हातांनी, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत, अधूनमधून बोटं चोखत. ती मला विसरली होती. वेंगुर्ल्याच्या कुठल्यातरी पडवीत बसली होती, मी न बघितलेल्या माणसांत, आणि मी समोर बसून एका तळलेल्या माशावर मनापासून जळत होतो. डोकं ती शेवटी खायची, हे मला त्या दिवशी कळलं. ते उचलता उचलता तिला एकदम ठसका लागला.

"भात गीळ," मी म्हणालो.

तिनं माझ्याच ताटातला भात उचलला आणि गिळला. उष्ट्या हातानं, लिंबू न चोळता. मी तो भात पुढे खाल्ला.

पुढच्या महिन्यात पुन्हा कुणाच्या तरी घरी सगळे जमले. गावात नवीनच आलेल्या एका काकूंनी तिला तोच नेहमीचा प्रश्न विचारला, वेंगुर्ल्याची ना, मग इथं माशांचं कसं? मी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. सगळे माझ्याच उत्तराची वाट बघत होते. या वेळी ती बोलली.

"खाते की. ह्यानं माझ्यासाठी खिडकी सोडली."

कुणालाच काही कळलं नाही. तिनंही समजावून सांगितलं नाही, फक्त कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.